तात्या, सीटखाली पिशवी नव्हती

प्रिय तात्या,

खरं तर 'तीर्थरूप' लिहायला हवं. आईने हे पाहिलं असतं तर म्हणाली असती, वडीलमाणसांना प्रिय लिहितात होय गं? पण तुम्हाला मी आजवर एकही पत्र लिहिलं नाही, त्यामुळे आपल्यात मायना काय असायचा हे ठरलंच नाही. तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत, आणि मी तुमचं पूर्ण नाव परवा शोकसभेच्या फलकावर पहिल्यांदा वाचलं. म्हणजे दोघंही सारखेच!

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुमची आठवण येते, रोज येते, पण पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही. परवाच्या सभेत तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगितली गेली. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे त्या सगळ्या माणसांत फक्त मला ठाऊक होतं. मी गप्प बसले. आता सांगायचं ठरवलंय. पण मी खरं सांगितलं, तर तुमचंही एक खोटं उघडं पडतं, तात्या. मग आधी तुम्हाला विचारायला नको?

थांबा, चिडू नका. अगदी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण मला एकदा नीट आठवायचंय.

मी सतरा वर्षांची होते. धायरीहून दोन बस बदलून ग्लायडरच्या मैदानावर यायचे. आमच्या घरात कुणी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. वर्तमानपत्रात बातमी आली होती की हवाई दलात आता मुलींनाही वैमानिक म्हणून घेतात, तेवढं एक कात्रण जपून ठेवलं होतं मी. कुणीतरी सांगितलं, आधी ग्लायडर शिक, स्वस्तात उडता येतं. आले. आणि पहिल्याच दिवशी तुम्ही मला वजनकाट्यावर उभं केलंत! नाव नाही, गाव नाही. काट्याकडे बघून म्हणालात, "अठ्ठेचाळीस. घरी खायला घालत न्हाईत का?"

इतका राग आला होता मला! वाटलं, कोण हा खाकी पँटीतला म्हातारा? तेव्हा तुम्ही पन्नाशीचेही नव्हता, पण सतराव्या वर्षी सगळेच म्हातारे दिसतात.

मग कळलं की तुम्ही सगळ्यांनाच वजनाने ओळखता. तुमचं काम विंच चालवायचं. मैदानाच्या एका टोकाला आमचं ग्लायडर, आणि एक किलोमीटर लांब, दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या केबिनमध्ये तुम्ही. तुमच्यापुढे जुन्या लॉरीचं इंजिन, त्याला जोडलेलं मोठं रीळ, आणि रिळावरून निघालेला पोलादी दोर थेट ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवलेला. ग्लायडरला इंजिन नसतं. झेंडा हलला की तुम्ही दोर ओढायचा, आम्ही पतंगासारखं वर चढायचं, आणि पुरेशी उंची मिळाली की पिवळी मूठ ओढून दोर सोडून द्यायचा. पुढे आम्ही आणि वारा. आत किती किलोचा माणूस आहे त्यावर तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती दाबायचा हे ठरायचं. तुम्हाला नावं घेऊन करायचंय काय!

म्हणून केबिनमधल्या फोनवर तुमचा पहिला प्रश्न असायचा, "कोण हाय आत?" आणि इकडून उत्तर जायचं, "बासष्ट." किंवा "एकोणसत्तर." आमच्या इन्स्ट्रक्टर सरांना तुम्ही त्यांच्या पाठीमागे 'एकोणऐंशी' म्हणायचात. दिवाळीनंतर महिनाभर 'ब्याऐंशी'.

तो हिरवा फोन आठवतो ना? दर पावसाळ्यात तो बिघडायचा आणि तुम्ही तो कापडी पिशवीत घालून बुधवार पेठेत न्यायचात. एकदा मीही तुमच्याबरोबर आले होते. दुकानदाराने फोन उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "अहो, हे भंगार आहे. याचे पार्ट आता मिळत नाहीत." तुम्ही म्हणालात, "मिळत नसत्याल तर तसं सांगा. भंगार म्हणू नका. याच्यावर पोरं उडत्यात." त्याने चष्म्यावरून तुमच्याकडे बघितलं. "मग पोरांसाठी तरी नवा घ्या की!" तुम्ही बाहेर येऊन पाच मिनिटं धुसफुसत होतात, आणि मग स्वतःच हसायला लागलात. म्हणालात, बोलला ते खरं हाय पर कसं बोलला बघ.

किती विमानं जायची हो आपल्या डोक्यावरून! लोहगावच्या धावपट्टीवरून हवाई दलाची लढाऊ विमानं जोडीने उठायची. केबिनमधले पत्रे थरथरायचे. तुम्ही बाहेर येऊन हाताची झापड करून बघायचात आणि ठामपणे सांगायचात, "त्यातला फुडचा माझा. एकाहत्तर." कसं कळायचं तुम्हाला? मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "न्हाई कळत. पर एखादा असंलच की!" तुमचं म्हणणं होतं की या देशातली निम्मी विमानं तुमच्या दोराला बांधून वर गेलीत, फौजेतली काय आणि फौजेबाहेरची काय. कुणी पेपर वाचून दाखवला की आपण आता आपली स्वतःची विमानं बनवतो, तर तुम्ही बिडी विझवून म्हणायचात, "बनवली ते झ्याक केलं. उडवणारी कुटनं आणली?"

आता त्या पिशवीकडे येते. टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ग्लायडरमध्ये वैमानिकाचं वजन फार कमी असून चालत नाही. समोरची बाजू हलकी पडते आणि नाक वर वर जायला बघतं. दोराने ओढताना तर फारच. माझं वजन कमी, म्हणून सीटखाली वाळूची पिशवी ठेवायची, पट्ट्याने बांधायची, आणि मगच एकटीने उडायचं. हा मैदानाचा नियम होता. पिशवी बारा किलोची. शेडपासून ग्लायडरपर्यंत ती मलाच पोटाशी धरून न्यावी लागे. बरोबरची मुलं म्हणायची, आली बघा स्वाती आणि तिची धाकटी बहीण! रोज. न चुकता. मीही हसायचे, पण घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून स्वतःवर चिडायचे.

त्या दिवशी मैदानावर एका कॉलेजची सहल आली होती. पन्नासेक मुलं-मुली गवतात बसून बघत होती. मी एकटीने उडणार होते. त्या सगळ्यांसमोरून पिशवी कवटाळून चालत जायचं माझ्या जिवावर आलं. आणि मी काय डोकं चालवलं, माहीत आहे? तुम्हाला हे कधीच सांगितलं नाही. सकाळी दोन प्लेट मिसळ खाल्ली, वर दोन लस्स्या. जाकिटाच्या खिशात फिजिक्सचं पुस्तक कोंबलं. शेडमधल्या काट्यावर पाहिलं तर काटा बराच पुढे सरकला होता. म्हटलं, झालं की! बारा किलोचं काय एवढं?

हसलात ना? हसा. तेव्हा हसला नव्हता.

सरांनी वाकून विचारलं, "पिशवी?" मी म्हटलं, "आहे सर." मान वर करून म्हटलं. तेवढे दोनच शब्द.

झेंडा हलला. तुम्ही दोर ओढलात. ग्लायडर जमिनीवरून सुटलं आणि नाक जे वर गेलं ते थांबेचना. मी दांडा पुढे ढकलला, पूर्ण ढकलला, तरी समोर फक्त आकाश. पाठीवर पडल्यासारखी मी सीटमध्ये रुतले होते. त्या क्षणी मला आई आठवली, आणि काही नाही. मी पिवळी मूठ खेचली. फार खाली, फार लवकर. दोर सुटला, नाक खाली आलं, जमीन समोरून वर आली आणि मी सरळ पुढे आपटले. शेपटीखालचा आधार तुटला. मला काही झालं नाही. ग्लायडर घसरत घसरत तुमच्या केबिनपासून शंभर पावलांवर येऊन थांबलं होतं.

सगळ्यात आधी पोचलात तुम्ही. धापा टाकत आलात, काच उघडलीत, माझे पट्टे सोडलेत, हात-पाय हलवून बघितलेत. "लागलं का? मान हलव. हां." मग तुमची नजर सीटखाली गेली.

एवढंच म्हणालात, "म्हणून हलकं लागत व्हतं व्हय." आणि केबिनकडे पळालात. मला वाटलं, पाणी आणायला गेलात. तुम्ही आलात ते विंचच्या चाकांना लावलेली वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन. तशीच खाकी, तशीच शिवलेली. ती माझ्या सीटखाली सरकवलीत, पट्टा आवळलात, आणि मग माझ्याकडे बघितलंत. सरांची जीप धूळ उडवत येत होती.

"ही हितंच व्हती. समजलं?"

मी मान हलवली. हलवली, तात्या.

सर उतरले. त्यांनी काही विचारायच्या आधीच तुम्ही टोपी काढून म्हणालात, "साहेब, माझा पाय घसरला. आधी जास्त दाबला आन मग सुटला. पोरीनं बराबर केलं, म्हणून वाचली." सरांचा चेहरा लाल झाला होता. तोवर धावत आलेल्या सगळ्या सहलीसमोर ते तुम्हाला बोलले. तुम्ही खाली बघत उभे. आणि मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी, खिशात फिजिक्सचं पुस्तक, पोटात मिसळ, तोंडात एक शब्द नाही.

तुम्हाला विंचवरून काढलं. वर्षभर गवत कापायला आणि शेडमध्ये ग्रीस लावायला ठेवलं. तुमच्या कागदांवर निष्काळजीपणाचा शेरा बसला. दुसरा माणूस विंचवर आला. त्याचा हात जड होता, झटका देऊन ओढायचा. पहिल्यांदा त्याच्या दोरावर वर गेले तेव्हा मी वरच्या वर रडले, कारण खाली रडले असते तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

का हो केलंत असं? हे मी तुम्हाला पंचवीस वर्षं मनात विचारतेय. सरांनी मला काय केलं असतं? दोन-तीन महिने जमिनीवर बसवलं असतं. फार तर काढून टाकलं असतं. तुम्हाला वाटलं असेल की पोरगी पुन्हा येणार नाही, घरचे पाठवणार नाहीत. ते खरंही होतं, बाबांनी नक्की बंद केलं असतं. पण ते तुम्ही एका क्षणात, माझ्यासाठी, मला न विचारता ठरवून टाकलंत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आज वाटतं, तुम्ही मला खरं बोलायची संधी द्यायला हवी होती. मी बोलले असते का? माहीत नाही. तेच तर आता कधीच कळणार नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी हवाई दलात निवडली गेले. माझ्या शिफारसपत्रावर सरांची सही होती. दहा वर्षं मालवाहू विमानं उडवली, लेहच्या थंडीत आणि ईशान्येच्या ढगांत. मग नोकरीची मुदत संपली आणि प्रवासी विमानावर आले. आता कॅप्टन आहे. आमच्या वेळी मुलींना लढाऊ विमान द्यायचे नाहीत. दिलं त्या दिवशी मी तुम्हाला आनंदाने फोन केला होता, आठवतं? म्हटलं, तात्या, आता मुली फायटर उडवणार! तुम्ही म्हणालात, "उशीर केला." आणि फोन ठेवलात.

पहिल्यांदा गणवेशात तुमच्या वाघोलीच्या घरी आले होते पेढे घेऊन. काकूंनी ओवाळलं. काकू आत गेल्या तेव्हा मी सुरुवात केली, "तात्या, त्या दिवशी..." तुम्ही पेढा हातात घेऊन बघत राहिलात आणि विचारलंत, "साजूक तुपातला दिसतोय. कुटनं आणला?" मी पुन्हा म्हटलं, "तात्या, मला सांगायचंय..." तुम्ही म्हणालात, "तुझं वजन वाढलंय. साठ तरी असशील." विषय संपला. नंतर दोन वेळा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तुम्ही असेच निसटलात. मी तुमच्यावर ढकलत नाहीये सगळं. तुम्ही निसटलात की मला सुटल्यासारखं वाटायचं, हेही तितकंच खरं आहे.

तुम्हाला एकदा माझ्या विमानातून नागपूरला नेलं होतं. केवढ्या नाइलाजाने आलात! हवाई सुंदरीला सांगितलंत, "फुडं जाऊन अठ्ठेचाळीसला सांगा, म्हातारा बसलाय नीट." ती बिचारी मला विचारायला आली की अठ्ठेचाळीस नंबरची सीट कुठली. उतरल्यावर तुमचा अभिप्राय काय, तर "डायवर दिसत न्हाई, दोर न्हाई, काय मजा न्हाई. चहा बरा व्हता."

आणि मग गच्चीचा उद्योग. वाघोलीला तुमच्या गच्चीवरूनच विमानं लोहगावला उतरायला खाली येतात. निवृत्त झाल्यावर तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसायचात. आधी दिवसाला मोजकी यायची, मग इतकी वाढली की तुम्ही म्हणालात, यष्टी स्टँड झालं आभाळाचं. संध्याकाळी तुमचा फोन यायचा. "पाचचं तुझं का? नाक जरा वर व्हतं." अहो, तेव्हा मी दिल्लीत असायचे! कुणाच्या तरी उतरण्याची बोलणी मी खायची. पण त्या फोनची मला सवय झाली होती. गेले अठरा दिवस संध्याकाळी फोन हातात घेऊन बसते आणि मग ठेवून देते.

आता परवाची गोष्ट. शोकसभा मैदानावरच्या शेडमध्ये होती. आता तिथे चारी बाजूंनी इमारती आहेत, विंच कधीच बंद झालाय. तुमची माणसं मात्र आली होती! हवाई दलातले निवृत्त अधिकारी, कॅप्टन, दोघीजणी तर तुम्ही निवृत्त व्हायच्या शेवटच्या वर्षी शिकलेल्या. एकमेकांना वजनाने हाका मारत होते, आणि प्रत्येकाचं वजन वीस-वीस किलोंनी चुकीचं. तुम्हाला फार आवडलं असतं.

सर आले होते. ऐंशी वर्षांचे झालेत आता, काठी घेऊन उभे राहिले. म्हणाले, "तीस वर्षं या माणसाने मुलांना वर सोडलं. तीस वर्षांत एकदा, फक्त एकदा, त्यांचा पाय घसरला. आणि तेही त्यांनी कुणी विचारायच्या आत स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. इतका सच्चा माणूस मी पाहिला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजवल्या.

मागच्या रांगेत तुमचा संतोष बसला होता. 'एकदा पाय घसरला' हे ऐकल्याबरोबर तो उठला आणि बाहेर गेला. मला काकूंनी पूर्वीच सांगितलं होतं की त्याला शाळेत पोरं चिडवायची, तुझ्या बापाने विमान पाडलं म्हणून. तो कधी मैदानाकडे फिरकला नाही, ते त्यामुळेच.

आणि सरांनंतर बोलायची पाळी कुणाची होती? माझी! माइक हातात होता, तात्या. मी वजनाची गंमत सांगितली. बुधवार पेठेतला फोन सांगितला. लोक हसले, डोळे पुसले. मी खाली येऊन बसले. दुसऱ्यांदा गप्प बसले मी. पहिल्यांदा सतरा वर्षांची होते, ही सबब तरी होती.

मी नव्या वैमानिकांना शिकवते हल्ली. पहिल्या तासाला मी काय सांगते, माहीत आहे? चूक झाली तर लपवू नका, लिहून द्या, कारण तुमची लपवलेली चूक उद्या दुसरा कुणीतरी करेल आणि त्याच्या मागे दीडशे माणसं बसलेली असतील. छान बोलते मी. मुलं लिहून घेतात.

सभेच्या रात्रीपासून माझा सगळा विचार एकाच जागी अडलाय. मी खरं सांगितलं तर तुमचा पाय घसरला नव्हता हे सगळ्यांना कळेल. पण सरांनी ज्या सच्चेपणासाठी टाळ्या मिळवून दिल्या, तो जाईल. तुम्ही सरांना तोंडावर खोटं सांगितलंत, पिशवी नेऊन ठेवलीत, हे कळेल. तुमच्या कागदांवरचा डाग पुसायला मी तुमच्या नावावर दुसरा टाकायचा? तुम्ही इथे उत्तर द्यायला नसताना?

म्हणून पत्र लिहायचं मनात होतं. पण त्याआधीच काल एक गोष्ट घडली, आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी.

काल सकाळी लोहगावला हवाई दलाचा सराव चालू होता. धावपट्टी आम्हाला अर्ध्या तासाने मिळणार होती. प्रवासी नेहमीप्रमाणे वैतागलेले. मी विमानाभोवती चक्कर मारायला खाली उतरले, तर विमान मागे ढकलायच्या ट्रॅक्टरवर संतोष. त्याची तिथली नोकरी तुम्हाला किती आवडायची! दोराचं काम पोराकडं आलं, म्हणायचात. नमस्कार-चमत्कार झाले. तो म्हणाला, "सभेत बोललात ते छान होतं, मॅडम." आणि मला राहवलं नाही. विमानाच्या नाकाखाली, त्या आवाजात, मी त्याला सगळं सांगितलं. मिसळ, पुस्तक, पिशवी, जीप. काहीही वगळलं नाही.

तो हातमोजा काढत आणि घालत राहिला. मग म्हणाला, "ताई, पाचवीत मी एका पोराची कंपासपेटी मोडली आणि लपवली होती. तात्या मला हाताला धरून शाळेत घेऊन गेले. वर्गासमोर उभं केलं. मी बोलेना. तर मला काय म्हणाले माहितीय? म्या साहेबापुढं टोपी काढून कबूल केलं का न्हाई? मग तू कर." त्याने हातमोजा खिशात कोंबला. "म्हणजे त्यांनी काही केलंच नव्हतं?"

मी म्हटलं, नाही. काही केलं नव्हतं.

तात्या, मला वाटलं तो ओरडेल. ओरडायला हवं होतं त्याने. त्याचे डोळे भरून आले आणि तो हसला, अगदी तुमच्यासारखं, ओठ दाबून. "च्यायला," म्हणाला, "मला तर वर्गासमोर खरंच बोलायला लावलं त्यांनी." मग चेहरा गंभीर करून म्हणाला, "आईला सांगा. मी तिला सांगणार नाही, तुम्हीच सांगा. ती इतकी वर्षं रोज देवापुढे दिवा लावताना त्या एका चुकीबद्दल माफी मागते."

मला हे माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का? काकू रोज तुमच्या चुकीची माफी मागतात आणि तुम्ही शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतात? काकूंना तरी सांगायचंत! एवढं कसलं हो गुपित, की घरच्या माणसालाही कळू द्यायचं नाही? माझ्यासाठी इतकं करायची काय गरज होती तुम्हाला? मी तुमची कोण होते?

तेवढ्यात धावपट्टी मोकळी झाल्याचा निरोप आला. मी वर गेले. संतोषने विमान मागे ढकललं. हात हलवून त्याने मला निरोप दिला आणि मी निघाले.

तर तात्या, परवानगी मागायला बसले होते, पण आता मागत नाही. तुम्ही 'न्हाई' म्हणाला असतात आणि पेढ्यांची चौकशी केली असतीत. तुमचं मी सगळं ऐकलं. नाक कुठे ठेवायचं, वारा कसा बघायचा, जास्त बोलायचं नाही, सगळं. हे ऐकणार नाही. तुमचा पाय कधीच घसरला नाही. तुम्ही एकच चूक केलीत आणि ती म्हणजे मला वाचवलंत. ती चूक मी तुमच्या नावावर सांगणार आहे, आणि तिच्या आधी माझी सांगणार आहे. माझ्याबद्दल सर काय म्हणतील, काकू मला दारात उभं करतील की नाही, याची भीती वाटते. खूप वाटते. पण आता ती माझी मला वाटू दे.

रविवारी सकाळी मी वाघोलीला येतेय. सरांना मी स्वतः गाडीतून घेऊन येईन. संतोष घरी थांबणार आहे. मैदानाच्या कार्यालयात द्यायचं निवेदनही लिहून ठेवलंय, खाली माझी सही करून. काकूंच्या समोर जमिनीवर बसेन आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघून सगळं सांगेन. मिसळीपासून सांगेन, म्हणजे मध्येच पळ काढता येणार नाही. त्या रडल्या, चिडल्या, उठून गेल्या, तरी मी तिथेच बसून राहीन. आणि त्या शांत झाल्या की त्यांना हात जोडून म्हणेन, काकू, आज संध्याकाळी दिवा लावाल, तेव्हा तात्यांसाठी माफी मागू नका. हा माझा तुम्हाला शब्द आहे, तात्या.

तुमची,
स्वाती